फॉरमॅट मारण्याआधी

“फॉरमॅट मारून घे, सगळं ठीक होईल.” संगणकाच्या बाबतीत आपल्या समाजात याइतका सर्वमान्य सल्ला दुसरा नसेल. चालू व्हायला दहा मिनिटं लागतात? फॉरमॅट मार. व्हायरस शिरला? फॉरमॅट मार. प्रिंटर ऐकत नाही? फॉरमॅट मार. पूर्वी घरातली म्हातारी माणसं पोटदुखीपासून तापापर्यंत सगळ्यावर एरंडेल पाजायची, तसं हे आजचं एरंडेल. आणि गंमत अशी की सल्ला बहुतेक वेळा चुकीचाही नसतो. जुनं सगळं पुसून ऑपरेटिंग सिस्टीम नव्यानं, स्वच्छ घातली की दहा-बारा वर्षांचं यंत्रसुद्धा पुन्हा तरतरीत चालायला लागतं.

तेव्हा माझं फॉरमॅटशी भांडण नाही. माझं म्हणणं आहे ते त्याआधीच्या एका तासाबद्दल, जो कोणीच देत नाही. त्या एका तासाच्या आळसापायी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठीतला किती मजकूर नाहीसा झाला असेल, त्याचा हिशेब कोणाकडेच नाही आणि तो कधी लागणारही नाही. विशेषतः तुमच्या-माझ्यासारख्यांचा, म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्यांचा.

मी काही संगणकवाला नव्हे. बी. ए. करून सरकारी कचेरीत चिकटलेला कारकून. त्यामुळे आपल्या भाषेत सांगतो. आमच्या लहानपणी मिरग लागण्याआधी घर शाकारत. नळे उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, वाळवी लागलेली रीप बदलायची, सगळं झाडून पुन्हा नळे चढवायचे. नवी ऑपरेटिंग सिस्टीम घालणं म्हणजे नेमकं हेच. पण नळ्यांना हात लागण्यापूर्वी माळ्यावरचं सगळं सामान खाली येई. सोलांची बरणी, बियाण्याचं भात, आजोबांची ट्रंक. ट्रंक खाली आल्याशिवाय गड्याला शिडी लावायची परवानगी नसे. संगणकाच्या बाबतीत आपण शिडी आधी लावतो आणि ट्रंकेची आठवण पहिल्या पावसात येते.

हे आजच लिहायला कारण आहे. विंडोज १० चा आधार कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. वर्षभराची तात्पुरती मुदतवाढ घेण्याची सोय ठेवली खरी, पण ती तात्पुरतीच. विंडोज ११ घालायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीची बहुतेक यंत्रं एका फटक्यात ‘जुनी’ ठरली. कॅनालिस या बाजार-अभ्यास करणाऱ्या संस्थेनं २०२३ च्या अखेरीस जगभरात सुमारे २४ कोटी संगणक या कारणानं भंगारात जाऊ शकतील असा अंदाज वर्तवला होता. आकडा जगाचा आहे, पण त्यातली काही यंत्रं तुमच्या-माझ्या घरात टेबलाखाली धूळ खात आहेत. ती आता एक तर विकली जाणार, नाही तर फॉरमॅट होऊन धाकट्या मुलाच्या वाट्याला जाणार. म्हणजे पुसलं जाणार हे नक्की.

ज्या यंत्रामुळे हा विषय डोक्यात घोळत राहिला ते मात्र गोव्यातलं नाही. ते आहे थेट उज्जैनला, फ्रीगंजात.

उज्जैन म्हटलं की आपल्याला महाकाळ आठवतो. पण त्या महाकाळाशी आपल्या बाजूचं एक जुनं नातं आहे, ते फार जणांना ठाऊक नसतं. १२३४-३५ च्या सुमारास इल्तुत्मिशच्या स्वारीत ते मंदिर उद्ध्वस्त झालं. पुढे पाचशे वर्षांनी, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी ते पुन्हा उभारलं. हे रामचंद्रबाबा शेणवी, आपल्याच कोकणपट्टीतले. पुढे महादजींच्या फौजेत नावाजलेले जिवबादादा बक्षी तर आपल्या पेडण्यातल्या केरीचे. या मंडळींच्या मागोमाग कारकून, पुरोहित, शिलेदार अशी कितीतरी मराठी घरं माळव्यात गेली. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरच्या लष्करात हलवली, पण सगळे काही त्यांच्यामागे गेले नाहीत. बरेच तिथंच रुजले. आज जुनं उज्जैन महाकाळाच्या बाजूला आणि रेल्वेच्या पलीकडे माधवनगर, म्हणजेच फ्रीगंज. टॉवर चौक, सरळ रस्ते, कापडापासून मोबाइलपर्यंतची दुकानं. आणि मधूनच एखाद्या दारावर जोशी, पंडित, कुळकर्णी अशी पाटी.

माझ्या बायकोचे मामा अशाच एका घरातले. शिक्षक म्हणून निवृत्त. त्यांची आई लग्न होऊन वेंगुर्ल्याकडून उज्जैनला आली ती आयुष्यभर तिथंच राहिली. मामांनी २००९ मध्ये संगणक घेतला आणि तीन वर्षं रोज दुपारी आईच्या शेजारी बसून ती सांगेल ते उतरवून घेतलं. वाड्यातला गणपती, माळव्याच्या थंडीत न आंबणारं पीठ, माहेरच्या जात्यावरच्या ओव्या, उज्जैनच्या बाजारात खोबरं मिळत नसे तेव्हा काढलेल्या तोडी, कोण कोणाची सून, कोण कुठल्या गावचं. सुमारे दीडशे पानं. आई २०१३ मध्ये गेली. मजकूर संगणकात राहिला.

विंडोज १० चं प्रकरण गाजत होतं त्या हिवाळ्यात आम्ही उज्जैनला गेलो होतो. मामांच्या नातवानं महिनाभरापूर्वीच तो संगणक फ्रीगंजातल्या एका दुकानात नेऊन ‘क्लीन’ करून आणला होता. दुकानातल्या मुलानं विचारलं होतं, “डाटा चाहिए क्या?” नातवानं सांगितलं, जो काही असेल तो डी ड्राइव्हमध्ये असेल, तो ठेवा. मुलानं शब्द पाळला. सी पुसली, डी ला हात लावला नाही. यंत्र छान चालत होतं.

मामा मात्र खिन्न होते. मला म्हणाले, “जावईबापू, आईची फाईल सडून गेली. बघा, सगळं इंग्रजीत होऊन गेलंय.” फाईल उघडून दाखवली. दीडशे पानं तशीच होती, पण प्रत्येक पानावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा चिवडा. नातू म्हणाला, “काका, फाईल करप्ट झाली आहे. डिलीट करून टाकू म्हणत होतो, पण आजोबा करू देत नाहीत.”

त्या पानावर एका ओळीत मला इंग्रजीतले धाकटे ई, जे आणि के, मोठा बी आणि धाकटा एच असे पाच एका रांगेत दिसले. कचेरीत ज्यानं आयुष्य काढलंय त्याला हे दृश्य नवीन नाही. कृतिदेव या फॉन्टमध्ये ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ आणि एच म्हणजे दीर्घ वेलांटी. जोडून वाचा. मराठी! मामांनी आईचं सगळं सांगणं कृतिदेवमध्ये टाइप केलं होतं. मध्य प्रदेशातल्या हिंदी टंकलेखनाचा तो रोजचा फॉन्ट, मामांचा हात त्यावरच बसलेला. फॉन्ट राहतात विंडोजच्या पोटात, म्हणजे सी ड्राइव्हमध्ये. सी पुसली तेव्हा मजकूर वाचला आणि अक्षरं गेली. मामांच्या कपाटातल्या जुन्या सीडीवर फॉन्ट सापडला, तो घातला, आणि आजी पुन्हा बोलायला लागली.

गोष्ट एवढीच. पण तिच्यात सगळं आलं. मजकूर धडधाकट असताना घरातला शिकलासवरला मुलगा तो डिलीट करायला निघाला होता, कारण ती आपलीच भाषा आहे हे त्याला ओळखताच आलं नाही. त्यात त्याचा दोष काय? त्याचा जन्म युनिकोडनंतरचा.

इथं थोडं मागे जायला हवं. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ मध्येच जागा मिळाली होती. त्याआधी पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थांनी भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची प्रमाण पद्धतही तयार केली होती. पण प्रमाण पद्धत कागदावर असणं वेगळं आणि ती पेडण्याच्या किंवा उज्जैनच्या टेबलावर पोहोचणं वेगळं. विंडोज एक्सपीवरसुद्धा युनिकोड मराठी नीट दिसायची तर सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करावी लागे आणि मूळ सीडी पुन्हा घालावी लागे. ती सीडी किती जणांकडे असायची, हे न विचारलेलं बरं. व्हिस्टापासून ही कटकट संपली. तोपर्यंत आपण सगळ्यांनी एक पळवाट काढली होती. इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. संगणकाला वाटायचं हा जे लिहितोय, आपल्याला दिसायचा र. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सुषा, कृतिदेव, आयएसएमचे फॉन्ट... प्रत्येकानं आपापला संसार वेगळा थाटला. एकाचा र दुसऱ्याकडे भलतंच काही. काही सॉफ्टवेअरं तर डोंगलवर चालायची. ती बोटभर कुलपी हरवली की आपलाच मजकूर आपल्याला परका.

या पळवाटेला नावं ठेवायचा माझा विचार नाही. तिच्यामुळेच नव्वदच्या दशकात मराठी छापखाने, वर्तमानपत्रं, दिवाळी अंक संगणकावर आले. गमभन, बरहा अशी साधनं आली, २००४ मध्ये मनोगत सुरू झालं, आणि मग आपण हळूहळू युनिकोडवर आलो. पण आलो ते रिकाम्या हातांनी. मागचं सामान मागेच राहिलं.

मला हे मोडीसारखं वाटतं. शिंदेशाहीचा, पेशवाईचा सगळा कारभार मोडीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळेतून आणि व्यवहारातून गेली आणि दोन पिढ्यांत घरोघरचे कागद मुके झाले. कागद होते, वाचणारे नव्हते. किती जणांनी पणजोबांचे दस्त ‘काहीतरी जुनं’ म्हणून बंबात घातले असतील! तरी मोडीचं बरं आहे. कागद दोनशे वर्षं टिकतो, अक्षर डोळ्यांना दिसतं, कोणी सहा महिने शिकला तर वाचू शकतो. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्येही जागा मिळाली. कृतिदेव-श्रीलिपीतला मजकूर मात्र पंधरा-वीस वर्षांतच मुका होतो, आणि तो जपून ठेवावा असं त्याच्या तोंडावरून कोणालाही वाटत नाही. कारण तो जुना दिसत नाही, बिघडलेला दिसतो. जुन्याबद्दल आपल्याला थोडीतरी माया असते. बिघडलेल्याला आपण फेकतो.

पुण्या-मुंबईच्या लेखकाचं एक वेळ चालून जाईल. त्याचं पुस्तक छापलेलं असतं, ग्रंथालयात प्रत असते, प्रकाशकाकडे फाईल असते. आपलं काय? गोव्यात गावागावांत जत्रेला, कालोत्सवाला नाटकं होतात. हौशी लेखकांनी लिहिलेली कितीतरी नाटकं कधी छापली गेली नाहीत. एकाच संगणकावर टाइप झाली, चार झेरॉक्स निघाल्या, प्रयोग झाला, झेरॉक्स घामानं भिजून गेल्या. देवस्थानाच्या स्मरणिका, भजनी मंडळाच्या वह्यांवरून टाइप केलेली पदं, शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी जमवलेल्या जुन्या मास्तरांच्या आठवणी, गावच्या दैवताचा इतिहास. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय कामात वापरायची मुभा राहिली, तेव्हा कचेऱ्यांतही मराठी पत्रं टाइप होत राहिली. या सगळ्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. उज्जैन काय, फोंडा काय, अशा ठिकाणी एक सी ड्राइव्ह पुसली जाते तेव्हा कधी कधी एखाद्या ग्रंथाची शेवटची प्रत जळत असते, आणि पुसणाऱ्याला त्याचा वासही येत नाही.

आता याची दुसरी बाजू. ती तितकीच महत्त्वाची आहे, आणि थोडी चमत्कारिकही.

जे राहावं असं वाटतं ते असं सहज जातं, आणि जे जावं असं वाटतं ते जात नाही! आपण विकताना ‘फॉरमॅट केलाय’ म्हणून निर्धास्त असतो. पण साधा झटपट फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडण्यासारखं आहे. पानं जागेवरच असतात. त्यांच्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवरून ती परत काढता येतात, आणि त्यासाठी लागणारी साधनं फुकट मिळतात. म्हणजे तुमच्या आधार कार्डाची प्रत, पॅन कार्ड, बँकेची पत्रकं, बायकोच्या दवाखान्याचे रिपोर्ट हे सगळं विकत घेणाऱ्याच्या घरी मुक्कामाला गेलं. नीट पुसायचं तर डिस्कवर एकदा पूर्ण नवीन लिखाण करावं लागतं. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट ते काम करतो, त्याला वेळ लागतो. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘रीसेट’ करताना ड्राइव्ह साफ करण्याचा वेगळा पर्याय असतो, तो आपणहून निवडावा लागतो. नव्या एसएसडीची तऱ्हा निराळी. तिथं पुसलेलं बहुधा लवकरच कायमचं जातं आणि परत मिळण्याची आशा फार कमी.

यातूनच एक उपयोगी गोष्ट लक्षात ठेवा. चुकून हार्ड डिस्क फॉरमॅट झालीच, तर ते यंत्र तिथल्या तिथे बंद करा. त्यावर नवीन काही घालू नका. नव्या लिखाणानं जुनं झाकलं जाण्याआधी जाणकाराकडे न्या. बरंच काही वाचतं.

म्हणजे पुसणं आणि राखणं ही दोन्ही कामं आपण एकाच निष्काळजीपणानं करतो. आणि इथं आमच्या ज्या सरकारी कारभाराला लोक हसतात, तो कारभार थोडा शहाणा आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. कचेरीत जुना कागद नष्ट करायचा तर आधी त्याचा वर्ग ठरवावा लागतो. हा कायम ठेवायचा, हा अमुक वर्षं, हा लगेच गेला तरी चालेल. मग नष्ट करायच्या कागदांची यादी, मग वरच्याची सही. लोकांना ही दिरंगाई वाटते. पण या पद्धतीत एक तत्त्व आहे. नष्ट करणारा हात आणि ठरवणारं डोकं वेगळं असावं, आणि ठरवणाऱ्यानं कागद बघितलेला असावा.

घरात काय होतं? संगणक कोणाचा, तर सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा. लिहिलेलं त्याचं. पण पुसायचा निर्णय घेतो सगळ्यात तरुण माणूस, कारण यंत्र त्याला कळतं. त्याला यंत्र कळतं, मजकूर कळत नाही. म्हाताऱ्याला मजकूर कळतो, यंत्र कळत नाही. आणि दुकानातल्या मुलाला बिचाऱ्याला दोन्हीशी काही देणंघेणं नाही, त्याला संध्याकाळपर्यंत सहा यंत्रं उरकायची असतात. माझं म्हणणं एवढंच की पहिल्या दोघांनी एक तास शेजारी शेजारी बसावं. आजोबांनी सांगावं, नातवानं उघडावं.

त्या तासात करायचं काय? फार नाही. बाहेरच्या एका डिस्कवर सगळं उतरवून घ्या. फक्त ‘माय डॉक्युमेंट्स’ नव्हे, सगळंच, डेस्कटॉपवरचं पसारलेलंसुद्धा. विंडोजच्या फोल्डरमधला ‘फॉन्ट्स’ हा फोल्डर आवर्जून घ्या, कारण सी ड्राइव्ह पुसली की तो गेलाच म्हणून समजा. कुठलं मराठी सॉफ्टवेअर होतं त्याचं नाव कागदावर लिहा, सीडी आणि डोंगल एका पाकिटात घालून वर तारीख टाका. चिवडा दिसणारी फाईल वर्डमध्ये उघडून मजकुरावर क्लिक करा. फॉन्ट संगणकात नसला तरी वरच्या चौकटीत त्याचं नाव दिसतं, फाईल ते विसरत नाही. नाव कळलं की अर्धं काम झालं. मग तो मजकूर युनिकोडमध्ये बदला, त्यासाठी फुकट साधनं आहेत. बदलताना र्‍हस्व वेलांट्या आणि रफार हमखास सरकतात, तेव्हा एकदा वाचून घ्या. मूळ फाईल मात्र फेकू नका. जुना फॉन्ट आहे तोवर तिची एक पीडीएफ करा, पीडीएफमध्ये अक्षरं सोबत बांधून ठेवता येतात. आणि जे खरंच मोलाचं आहे ते छापून घ्या. होय, कागदावर! दीडशे पानांना असा किती खर्च येतो?

शेवटी, पुसण्याआधी ती बाहेरची डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार फाईली उघडून पाहा. उतरवलं असं वाटणं आणि उतरलेलं असणं यात फरक असतो.

कोणी म्हणेल, हा साठवण्याचा हव्यास झाला. प्रत्येक लग्नाचे चारशे फोटो, प्रत्येक पत्राचे सात मसुदे कशाला ठेवायचे? आक्षेप मला मान्य आहे. सगळंच राखलं तर राखलेलं कधी कोणी बघत नाही. घरातल्या अडगळीला सांस्कृतिक ठेवा म्हणणारी माणसं मीही पाहिली आहेत. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीहून मंगेश आणि केळशीहून शांतादुर्गा नदीपलीकडे हलवली गेली तेव्हा लोकांनी घरं-दारं, बागा, सगळं मागे सोडलं. सोबत नेला तो देव. उघड्यावर, घाईत, भीतीतसुद्धा काय न्यायचं आणि काय सोडायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून पलीकडे पुन्हा प्रतिष्ठापना होऊ शकली. आपल्यावर तर तशी वेळही आलेली नाही. हातात वेळ आहे, पंखा चालू आहे, चहा समोर आहे. आणि आपल्याला ठाऊक नाही की आपला देव कुठल्या फोल्डरमध्ये आहे! निवडा, हेच तर माझं सांगणं आहे. निवडून टाकलेलं खुशाल जाऊ द्या. न बघता गेलेलं टोचतं.

एवढं झालं की मग बिनधास्त पुसा. आणि पुसल्यावर यंत्र भंगारात देण्याची घाई करू नका. विंडोज ११ ला ते चालत नसलं तरी लिनक्सला बहुधा चालतं. मिंट, लुबुंटू अशा त्याच्या फुकट आवृत्त्या आहेत, आणि सी-डॅकची ‘बॉस’ नावाची भारतीय आवृत्ती २००७ पासून आहे. मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट त्यांत तयार असतो. हे काही परक्या देशातलं सांगत नाही. २००० च्या सुमारास आपल्या गोव्यातल्या शाळांसाठी परदेशातून वापरलेले संगणक आणून त्यांवर लिनक्स घालण्याचा प्रयोग झाला होता. केरळनं तर सरकारी शाळाच लिनक्सवर नेल्या. पुढे आपल्याकडे सायबरएज योजनेतून मुलांच्या घरी संगणक आले. त्यांतल्या कितीतरी यंत्रांवर अख्ख्या घरानं पहिल्यांदा मराठी टाइप केली असेल. हार्ड डिस्क काढून एक लहान एसएसडी घातली तर जुन्या यंत्राला किती फरक पडतो ते एकदा पाहाच. अगदीच मेलेलं असेल तर नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडे द्या, पण डिस्क स्वतः पुसून. आणि विंडोजच घालायचं तर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेलं घाला. कोणीतरी दिलेल्या, सगळं ‘ॲक्टिवेट’ करून देणाऱ्या पेन ड्राइव्हवरचं नको. स्वच्छ करायला घेतलेल्या घरात चोर बसवण्यात काय अर्थ आहे?

मामांच्या दीडशे पानांचं पुढे काय झालं ते सांगतो. नातवानंच ती युनिकोडमध्ये आणली. वेलांट्या दुरुस्त करायला त्याला आजोबांच्या शेजारी बसावं लागलं, सुमारे तीन आठवडे. त्याची मराठी हिंदीच्या अंगानं जाणारी, तरी त्यात त्याला ‘सोलकढी’ म्हणजे काय आणि ‘शाकारणं’ म्हणजे काय हे शब्द विचारावे लागले. पणजीच्या ओव्या त्यानं पहिल्यांदा वाचल्या. मला वाटतं, युनिकोडपेक्षा हे मोठं काम झालं.

सांगायचा मुद्दा, मंडळी, यंत्र मधून मधून पुसावंच लागतं, त्याला इलाज नाही. आपली भाषा मात्र अशी पुन्हा इन्स्टॉल करता येत नाही. तिची सीडी कुठल्याच दुकानात मिळत नाही. तेव्हा येत्या चवथीआधी घर झाडाल तेव्हा टेबलाखालचा तो डबा बाहेर काढा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी खुर्ची द्या आणि विचारा, यात तुमचं काय काय आहे?